पुढच्या वर्षी कळेल

तुमच्यापैकी कोणी, कंपन्या नुकत्या यायला लागल्या त्या वर्षांत, हिंजवडीकडे जाणाऱ्या रस्त्याने ये-जा केली असेल, तर आमच्या सरांना तुम्ही पाहिलेलं आहे. चेहरा पाहिला नसेल, कारण चेहरा कायम झाडाकडे. नाक सालीला टेकलेलं, चष्मा कपाळावर सरकवलेला आणि डोळ्याशी बुटाच्या नाडीत ओवलेलं भिंग. सगळ्या रहदारीकडे पाठ करून हा माणूस चिंचेच्या बुंध्याशी तासन् तास उभा असायचा.

लोकांना वाटायचं, इथे काहीतरी देवाचं आहे. एका बाईंनी तर त्यांच्या मागे उभं राहून हात जोडले आणि बुंध्याशी नारळ ठेवला. सर वळले, नारळ उचलला आणि त्यांच्याच पिशवीत परत घातला. म्हणाले, "अहो, एवढ्यात नको. पुढच्या वर्षी कळेल."

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. स्टाफरूमचा पंखा कधी दुरुस्त होणार? पुढच्या वर्षी कळेल. मुलीचं लग्न ठरलं का? पुढच्या वर्षी कळेल. मी सरांच्याच कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. आमचं टेबल शेजारी शेजारी, त्यामुळे हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की अजूनही कोणी 'पुढच्या वर्षी' म्हणालं की मी मान वर करते.

ते वनस्पतिशास्त्र शिकवायचे आणि त्यांचा जीव जडला होता दगडफुलावर. तेच ते, आपण गोड्या मसाल्यात घालतो ते. इंग्रजीत लायकेन. झाडाच्या सालीवर पांढरट, राखाडी, कधी हिरवट चट्टे दिसतात ना, ज्यांना आपण झाडाला काहीतरी रोग झालाय म्हणून सोडून देतो, ती त्याचीच भावंडं. "बाई, हा बुरशीचा आणि शेवाळाचा संसार आहे," ते मला सांगायचे. "घर एकीचं, स्वयंपाक दुसरीचा. वेगळं काढलं की दोघी संपल्या." आणि हा संसार वर्षाला नखाच्या जाडीइतका वाढणार. म्हणजे आज मापलं तर उद्या काही कळत नाही, पुढच्या महिन्यातही कळत नाही. कळतं ते पुढच्या वर्षी.

हवा बिघडली की माणसाच्या आधी हे चट्टे आक्रसतात. त्या रस्त्यावर तेव्हा बैलगाड्याही होत्या आणि कंपन्यांच्या पहिल्या बसगाड्याही धावायला लागल्या होत्या. सरांचं म्हणणं, बसगाड्या यायच्या आधीपासून मी मापतोय, त्या आल्यावरही मापत राहीन, मग आपल्याला काय झालं ते नीट सांगता येईल. एवढी साधी गोष्ट. यात चेष्टा करण्यासारखं काय होतं, मला अजून समजलेलं नाही. पण आमच्या स्टाफरूममध्ये चेष्टा झाली. "सर, यंदा मसाल्याचं पीक कसं?" असं रोज कोणीतरी विचारायचं. सर शांतपणे म्हणायचे, "आमच्या घरी गोड्या मसाल्यात दगडफूल घालत नाहीत. आमच्यात सहकाऱ्यांना खात नाहीत." विचारणारा सहकारीच असायचा, त्यामुळे विषय तिथेच संपायचा.

पैसा नव्हताच. कॉलेज खडू द्यायचं, तेही सही घेऊन. मग सरांनी एक युक्ती काढली होती. चट्ट्यांच्या कडा गिरवायला पारदर्शक कागद लागतो. सर ओळखीपाळखीच्या लोकांचे जुने एक्स-रे मागून आणायचे, गरम सोड्याच्या पाण्यात घासून धुवायचे, की झाली काचेसारखी स्वच्छ फिल्म. ती झाडावर धरायची आणि पेनाने कडा गिरवायची. पण प्रत्येक एक्स-रे पुरता धुतला जायचाच असं नाही. मी खाली आलेखाचा कागद ठेवून चौकोन मोजायला बसले, की चट्ट्याच्या मागे कोणाची तरी बरगडी नाहीतर गुडघा पुसटसा दिसायचा. एकदा मला माझ्याच सासूबाईंचा खुबा भेटला. मी तो दाखवला, तर सर अजिबात हसले नाहीत. "चट्टा त्यांच्यापेक्षा हळू झिजतोय," म्हणाले.

दर वर्षी चार-पाच मुलं त्यांच्याबरोबर जायची. झाडांची नावं मुलांनीच ठेवलेली. रस्त्यावर फांदी पसरून उभा होता तो कंडक्टर. एका बाजूला कललेली चिंच म्हणजे पेन्शनर. घेरदार आंब्याचं नाव जाडी मावशी. "आज मावशीकडे कोण जाणार?" असं सर वर्गात विचारायचे. दर वर्षी मुलं पदवी घेऊन निघून जायची आणि नव्यांना सर पहिल्यापासून शिकवायचे. पुढे पुढे तर मुलंही कमी झाली. सकाळी बॉटनी आणि संध्याकाळी कॉम्प्युटरचा क्लास, अशी सगळ्यांची दोन कॉलेजं झाली होती, आणि त्यातलं खरं कुठलं हे त्यांना नीट माहीत होतं. मी त्यांना दोष देत नाही. घरोघरी तेव्हा एकच बोलणं होतं.

अशात सुजाता आली. वडील नागपूरकडचे, पिंपरीच्या एका कारखान्यात. घरात बाबासाहेबांचा फोटो आणि शिकण्याचा कडक दंडक. दिसायला किरकोळ, बोलायला त्याहून कमी, पण अक्षर असं की फळ्यावर लिहिलं तर पुसवत नसे. सरांची पद्धत, पहिल्या दिवसापासून सगळ्या विद्यार्थ्यांना 'तुम्ही' म्हणायची. तिला त्यांनी "या, सुजाताबाई" म्हटलं आणि वर्ग खो खो हसला. ती हसली नाही. तिने भिंग मागितलं.

पहिल्या वर्षानंतर ती दुसऱ्या वर्षी पुन्हा आली, हेच नवल. तिसऱ्या वर्षी सर मला म्हणाले, "बाई, ह्या मुलीला दिसतं." भिंगातून सगळ्यांनाच दिसतं, असं मी म्हटलं. "नाही हो. कडा कुठे संपते ते फार थोड्यांना दिसतं. माझी निवृत्ती आली. ही टिकली तर काम टिकलं."

आता खरी गोष्ट इथे आहे. त्यांना पैसा हवा होता तो यंत्रासाठी नव्हे, स्वतःसाठी तर नव्हेच. सुजाताला पुढची काही वर्षं दरमहा विद्यावेतन मिळालं, तर ती कंपनीत न जाता एमएस्सी करील आणि झाडं सोडणार नाही, एवढाच त्यांचा हिशोब. आणि त्याच सुमारास शिक्षक आणि विद्यार्थी यांनी मिळून करायच्या संशोधनाला मदत देणारी एक योजना निघाली. सर परिपत्रक घेऊन नाचतच आले. "बाई, भागीदारीला पैसे देतायत! आमचा तर विषयच भागीदारीचा."

पहिल्या मुलाखतीला ते एकटेच बोलले. समितीने विचारलं, निष्कर्ष कधी मिळतील? सरांनी काय उत्तर दिलं असेल ते तुम्हाला सांगायला नको. अर्ज परत आला. मी चिडले. म्हटलं, "अहो सर, एकदा तरी खोटं बोलायचं! सहा महिन्यांत म्हणायचं!" ते म्हणाले, "मग सहा महिन्यांनी काय दाखवू? माझं नाक?"

दुसऱ्या वेळी मी हट्टाने सुजाताला बोलायला लावलं. समितीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, याचा उद्योगाला उपयोग काय? ती म्हणाली, "सर, रस्ता मोठा व्हायच्या आधी इथली हवा कशी होती, हे दहा वर्षांनी कोणाला विचाराल? झाडं सोडून इथलं कोणीच इथलं राहणार नाही." त्या गृहस्थांनी अर्ज पुन्हा पुढे ओढला. मंजुरी मिळाली.

त्या दिवशी सरांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांना स्वखर्चाने बाकरवडी दिली. चेष्टा करणाऱ्यांना दोन दोन. मी त्यांना इतकं आनंदात त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतर तर नाहीच.

सुजाताच्या वडिलांना समजवायला आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या कारखान्याने नुकतीच स्वेच्छानिवृत्ती देऊ केली होती, म्हणजे स्वेच्छा कारखान्याची आणि निवृत्ती यांची. माणूस सरळ. म्हणाले, "सर, तुमचा मान हाये. पन झाडाची साल पाहून पोट भरते का जी? हिला कंपनीचा कॉल आला हाये." सर म्हणाले, "एक वर्ष द्या. विद्यावेतन सुरू झालंय." वडिलांनी मुलीकडे पाहिलं. ती चहाच्या कपाकडे बघत होती. "एक वर्ष," ते म्हणाले. "पुढचं मग पाहू."

"पुढच्या वर्षी कळेल," सर म्हणाले, आणि वडीलही हसले.

योजनेच्या अटी होत्या. प्रयोगाची जागा ठळक दिसली पाहिजे, फोटोत आली पाहिजे, आणि प्रत्येक नमुन्याला क्रमांक हवा. जाडी मावशी आणि पेन्शनर असं अहवालात चालत नाही. तेही बरोबरच आहे म्हणा. मग पहिल्या हप्त्यातून चांगल्यातला ऑइल पेंट आला. पांढरा आकडा पांढऱ्या चट्ट्यांत हरवेल म्हणून पिवळा. सरांनी काळजी किती घ्यावी? रस्ता रुंद होणार हे कानावर आलंच होतं. ते स्वतः चौकशी करून आले, की झाडं जाणार ती डाव्या बाजूची, उजवी बाजू जशीच्या तशी राहणार. सरांची झाडं उजवीकडे. तिथल्या काही झाडांवर चट्टे धड नव्हते, म्हणून मधली तेवढी सोडून बाकीची त्यांनी निवडली होती. सुजाताने एका रविवारी सगळ्यांवर नंबर घातले. मी पाहायला गेले होते. काय अक्षर! दुकानाच्या पाटीवर शोभावं असं. सर दूर जाऊन बघत होते आणि "वा, इथूनही दिसतंय" म्हणत होते.

पावसाळा संपला आणि एका सकाळी कॉलेजच्या ऑफिसात फोन आला. सुजाताचा, रस्त्यावरच्या बूथवरून. सर प्रॅक्टिकल घेत होते. शिपायाने मला बोलावलं. ती एवढंच म्हणाली, "मॅडम, सरांना घेऊन या."

माझ्या स्कूटरवर मागे बसून सर आले. लांबूनच उजेड जास्त दिसायला लागला. डावी बाजू अजून तशीच होती. उजव्या बाजूची झाडं पडली होती, आणि सगळी नाही. एक उभं, दोन आडवी, परत एक उभं. ज्यांच्यावर नंबर नव्हता ती उभी होती. नंबर घातलेलं एकही उभं नव्हतं.

करवतीवाल्यांचा मुकादम बिडी ओढत बसला होता. कुठल्या तरी दुसऱ्या तालुक्यातून ठेकेदाराने आणलेली ही माणसं. मी त्याच्यावर तुटून पडले. तोंडाला येईल ते बोलले. तो बिचारा गडबडून उभाच राहिला. "आवं बाई, नंबर टाकल्याली पाडायची, येवढंच सांगितलंय आमाला. तुमच्या झाडावर नंबर हाय का न्हाय?"

"डावी बाजू पाडायची होती! डाव्या झाडांवर रस्तेखात्याचे पांढरे नंबर आहेत, ते दिसले नाहीत?"

"डावी म्हंजी कुणीकडनं येताना? आमी तिकडनं आलो. पांढरं बी घेनार हाये, उद्या." आणि मग, माझी समजूत घालावी म्हणून असेल, तो म्हणाला, "ह्ये पिवळं नंबर लई झकास होतं बगा. लांबनं दिसत होतं. म्हनून आदी हीच घेतली."

सुजाता तिथेच उभी होती. तिने हे ऐकलं. सरांनीही ऐकलं. ते पटकन तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, "नंबर घालायला मी सांगितलं होतं, सुजाताबाई. रंग मी आणला." मला तिथे रस्त्यात, मुकादमासमोर, रडू फुटलं. त्या दोघांना मात्र नाही.

ओंडके शहराबाहेरच्या एका वखारीत जाऊन पडले. सर तिथेही जायला लागले. वखारवाला शहाणा माणूस, त्याने अडवलं नाही, उलट बसायला फळी दिली. लाकूड पडलं तरी दगडफूल लगेच मरत नाही, काही दिवस तग धरतं. सर आणि सुजाता ओंडक्यांवर वाकून कडा गिरवायची. मी एकदा गेले होते. जाडी मावशी आडवी पडलेली, नंबर वरच्या अंगाला, अगदी कोरा करकरीत. सुजाताने विचारलं, "सर, हे किती दिवस जगेल?"

सर सवयीने म्हणाले, "पुढच्या व..." आणि थांबले. फळीवर बसले. भिंग डोळ्याशीच होतं, पण बघत नव्हते. पलीकडे करवत चालू होती. त्या माणसाने इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाक्य अर्धं सोडलं होतं.

मी म्हटलं, उरलेली झाडं आहेत की, ती घ्या. सर म्हणाले, "त्यांचं आधीचं मापच नाही, बाई. आज सुरुवात केली तर पाच-सात वर्षांनी काहीतरी बोलता येईल. तेवढी नोकरी माझी राहिलेली नाही. आणि सुजाताबाईंचं एकच वर्ष आहे." तरीही मी त्यांच्याकडून समितीला लिहून घेतलं. उत्तर सभ्य होतं. प्रयोगाची जागा मंजुरीनंतर बदलता येत नाही, उरलेली रक्कम परत पाठवावी. त्यात सुजाताचं विद्यावेतनही गेलं. हे उत्तर वाचून मला संताप आला. सरांना नाही आला. त्यांनी चष्मा पुसला आणि तासाला निघून गेले.

वर्ष पुरं व्हायच्या आतच सुजाताने कंपनीचा दुसरा कॉल घेतला. पेढे घेऊन आली. सरांनी गळ्यातलं भिंग काढून तिच्यापुढे धरलं. नाडीसकट. "हे तुमच्याकडे असू द्या."

"नको सर," ती म्हणाली. "माझ्याकडे नुसतं पडून राहील." उद्धटपणा नव्हता त्यात. तिला खोटं बोलता येत नसे, आणि ते तिने सरांकडूनच उचललं होतं. सरांनी भिंग परत गळ्यात घातलं. "बरोबर आहे," म्हणाले. आणि पेढा खाल्ला.

सरांच्या निवृत्तीच्या निरोपसमारंभात शाल, श्रीफळ, भाषणं सगळं झालं. कोणीतरी मागून ओरडलं, "सर, आता पुढे काय?" सगळे उत्तर माहीत असल्यासारखे हसायला तयार होऊन बसले. सर माइकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "काही नाही." लोक तरीही हसले.

त्यानंतर ते फार जगले नाहीत. आजार म्हणावा असा मोठा काही नव्हता. मी भेटायला गेले की डॉक्टर काय म्हणतात विचारायची. "बरा आहे म्हणतात," एवढंच सांगायचे. मी वाट बघत असायची त्या वाक्याची. ते परत कधी आलं नाही.

ते गेल्यावर सरांच्या पत्नीने, काकूंनी, भिंग माझ्या हातात ठेवलं. कोणाला द्यायचं ते तुम्हीच बघा म्हणाल्या. मी सुजाताला फोन केला. ती कंपनीच्या बसमधून उतरून थेट आली, गळ्यात पट्ट्याला ओळखपत्र अडकवलेलं. कंपनीत तिचं चांगलं चाललं होतं, भावाचं शिक्षण तीच करत होती. भिंग तिने हातात घेतलं, एकदा डोळ्याशी नेलं आणि न बघताच खाली केलं. रस्ता तोपर्यंत रुंद झाला होता. उभी राहिलेली झाडंही एकेक करून गेली होती, या वेळी रीतसर.

"रोज तिथूनच जाते ना गं?" मी विचारलं.

"हो. पण मी खिडकीची जागा घेत नाही, मॅडम." आणि भिंग माझ्या टेबलावर ठेवून गेली.

तेव्हापासून ते माझ्याकडेच आहे. सुईत दोरा ओवायला, औषधाच्या बाटलीवरचं बारीक वाचायला बरं पडतं. वर्षातून एकदा गोडा मसाला करते. दगडफूल शेवटी तळायचं असतं. तेल तापेपर्यंत त्यातला एक तुकडा मी खिडकीशी नेते, चष्मा कपाळावर सरकवते आणि भिंगातून बघते. कडा कुठे संपते, ते मला कधीच दिसलं नाही. तेल तापलं की तुकडा आत टाकते.